प्रोपिंक्विटी म्हणजे काय? जवळ असण्यासाठीच्या एका आडवाटेच्या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा शब्द बहुतेकांना तीनपैकी एका ठिकाणी भेटतो: कायद्याच्या जुन्या निकालपत्रात, मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात, नाहीतर एखाद्या इंग्रजी विनोदी कादंबरीत. तिन्हीकडे अर्थ जरा जरा वेगळा लागतो आणि शब्दकोशातलं एका ओळीचं उत्तर अपुरं पडतं. म्हणून हे पान.

प्रोपिंक्विटी म्हणजे नेमकं काय?

जवळ असणं. जागेनं जवळ, नात्यानं जवळ, क्वचित काळानं जवळ, किंवा दोन गोष्टींचा स्वभाव मिळताजुळता असणं. मोठ्या इंग्रजी कोशांत हे सगळे अर्थ एकाखाली एक मांडलेले असतात. वापरात मात्र दोनच तगले. एक, शेजारीपाजारी राहण्यातून किंवा रोज समोरासमोर येण्यातून होणारी जवळीक. दुसरा, रक्ताच्या नात्यात कोण किती जवळचा, याचा हिशेब.

या दोन अर्थांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटू शकतं. मला त्यांच्यात एक धागा दिसतो. दोन्हीकडची जवळीक कुणी ठरवून केलेली नसते. जिन्याखालची खोली कुणाला मिळाली, वर्गात शेजारी कोण बसलं, कोणाच्या पोटी कोण जन्मलं, यात आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. मायाममता, ओढ, प्रेम यांबद्दल हा शब्द स्वतःहून काही बोलत नाही. दोन माणसं जवळ आहेत एवढंच तो सांगतो. त्यातून पुढे काय होतं, यावर न्यायाधीशांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बरीच शाई खर्च केली आहे.

उच्चार कसा करायचा?

प्रो-पिंक्-वि-टी. जोर ‘पिं’वर. इंग्रज माणूस पहिलं अक्षर जवळजवळ ‘प्र’ असंच उडवतो. स्पेलिंगमध्ये अकरा अक्षरं आहेत आणि गोची मधल्या ‘क्यू-यू’पाशी होते, ‘इक्विटी’चा शेवट आठवला की ती सुटते.

शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. ‘प्रोपे’ म्हणजे जवळ. त्यावरून ‘प्रोपिंक्वुस’ म्हणजे जवळचा, शेजारचा, आणि नात्यातलासुद्धा. त्याचं भाववाचक नाम ‘प्रोपिंक्विटास’. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला. म्हणजे जागा आणि रक्त हे दोन्ही अर्थ इंग्रजांनी जोडलेले नाहीत, रोमन लोकांकडूनच ते जोडीनं आले. मराठी माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. ‘जवळचं दुकान’ आणि ‘जवळचे नातेवाईक’ यांत आपण एकच शब्द वापरतो आणि लांबच्या आत्याचं घर दोन गल्ल्यांपलीकडे असलं तरी ती लांबचीच राहते.

‘प्रोपे’ची पिलावळ मोठी आहे. त्याचं सर्वोच्च रूप ‘प्रॉक्सिमुस’, म्हणजे सगळ्यांत जवळचा. त्यातून प्रॉक्झिमिटी आणि अप्रॉक्झिमेट निघाले. ‘ॲप्रोच’ हा त्याच घरातला. दोन देशांचे बिनसलेले संबंध पुन्हा जुळू लागले की वर्तमानपत्रं वापरतात तो ‘रॅप्रोशमाँ’ही तिथलाच, त्यात फ्रेंचमधला ‘प्रोश’, म्हणजे जवळ, सरळ ऐकू येतो. आणखी खोलात गेलं तर अभ्यासक या शब्दाला त्या प्राचीन धातूपाशी नेतात ज्याच्याशी आपला ‘प्र’ हा उपसर्गही जोडला जातो: प्रगती, प्रवास यांतला, पुढे सरकणारा ‘प्र’. एवढ्यावरून प्रोपिंक्विटी संस्कृतातून आली असं कुणी म्हणू लागलं तर मात्र हात जोडावेत. दोघं चुलत घराण्यातले आहेत, बापलेक नव्हेत.

प्रॉपर्टी, प्रॉपर, प्रोप्रायटर हे याचेच भाऊ का?

नाहीत, दिसायला तेवढे सारखे. ते ‘प्रोप्रियुस’ या वेगळ्या लॅटिन शब्दातून येतात. त्याचा अर्थ स्वतःचा, खासगी मालकीचा.

गंमत अशी की शेक्सपिअरनं या दोन्ही घराण्यांना एकाच ओळीत शेजारी बसवलं. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात म्हातारा राजा धाकट्या मुलीवर, कॉर्डेलियावर, संतापतो. थोरल्या दोघींसारखं तिला तोंडभरून बोलता येत नाही, एवढाच तिचा गुन्हा. तेव्हा लिअर जाहीर करतो की बाप म्हणून असलेली सगळी काळजी, ‘प्रोपिंक्विटी अँड प्रॉपर्टी ऑफ ब्लड’, मी इथे सोडतो. रक्ताची जवळीकही सोडली आणि रक्तावरचा हक्कही सोडला. हे नाटक 1608 साली पहिल्यांदा छापलं गेलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला यात कायद्याचा वास नक्की आला असणार, कारण राजा नुसता चिडून बोलत नाही, तो वारस खोडून काढतो आहे.

मग प्रॉक्झिमिटी आणि प्रोपिंक्विटी यांत फरक काय?

नातं सख्ख्या भावंडांचं, संसार वेगळे. प्रॉक्झिमिटी मोजपट्टीची आहे. मोबाइल कानाला लावला की पडदा बंद करणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर असतो, त्याला प्रोपिंक्विटी सेन्सर कुणी म्हणणार नाही. दोन ग्रह, दोन इमारती, दोन तारा यांच्यात प्रॉक्झिमिटी चालते. प्रोपिंक्विटी माणसांची. जवळ असल्यामुळे त्यांच्यात काहीतरी घडण्याची शक्यता आहे, हे त्या शब्दात गृहीत धरलेलं असतं. कोशात हा भेद इतका स्वच्छ लिहिलेला सापडणार नाही, पण चांगल्या इंग्रजी गद्यात तो बहुधा पाळलेला दिसतो.

कंटिग्युइटी म्हणजे हद्दीला हद्द लागून असणं; महाराष्ट्र आणि गोवा कंटिग्युअस आहेत. व्हिसिनिटी म्हणजे आसपासचा परिसर.

‘नियर’, ‘नेबर’ असे घरचे शब्द असताना इंग्रजीला हा लॅटिन पाहुणा कशाला लागला?

इंग्रजीची ही जुनी खोड आहे. रोजच्या वापराला जर्मानिक शब्द आणि कोर्टकचेरी-चर्चसाठी लॅटिन-फ्रेंच शब्द. आपण ‘पाणी’ पितो आणि कार्यालयाला नाव ‘जलसंपदा विभाग’ देतो, तसंच काहीसं.

‘नियर’ची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मूळ शब्द ‘नाय’, म्हणजे जवळ. ‘नियर’ हे त्याचं तुलनेचं रूप, म्हणजे ‘अधिक जवळ’, आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे ‘सगळ्यांत जवळ’. पुढे ‘नियर’लाच लोक मूळ शब्द समजू लागले आणि त्यावर ‘नियरर’, ‘नियरेस्ट’ असे नवे मजले चढवले. ‘नेबर’ म्हणजे जवळ राहणारा शेतकरी, कारण त्यातला दुसरा तुकडा ‘राहणारा, कुळवाडी’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचा आहे.

भारतातल्या कायद्याच्या पुस्तकांत हा शब्द इतका का दिसतो?

या शब्दाचा आपल्याकडचा खरा इतिहास इथे आहे.

हिंदू वारसाहक्काच्या दोन मोठ्या परंपरा. बंगालात जीमूतवाहनाचा ‘दायभाग’, आणि बाकी बहुतेक भारतात, महाराष्ट्र धरून, विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात झाला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यानं याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, तीच मिताक्षरा.

दोघांचा वाद ‘सपिंड’ या शब्दावरून. मेलेल्या माणसाचं धन जवळच्या सपिंडाला जावं हे मनूनं सांगून ठेवलेलं: ‘अनन्तरः सपिण्डाद्यस्तस्य तस्य धनं भवेत्’. पण सपिंड कोण? जीमूतवाहन म्हणतो, पिंड म्हणजे श्राद्धात देतात तो भाताचा गोळा. ज्याच्या पिंडदानानं मृताला अधिक पारलौकिक लाभ होतो, त्याचा हक्क आधी. विज्ञानेश्वर म्हणतो, पिंड म्हणजे शरीर. एकाच शरीराचा अंश ज्यांच्यात उतरला ते सपिंड. मुलात बापाच्या शरीराचे अवयव उतरतात, बापातून आजोबांचे, आईतून आजोळचे. म्हणजे प्रश्न रक्ताच्या जवळिकीचा झाला, श्राद्धाचा उरला नाही.

1810 साली कलकत्त्यात हेन्री थॉमस कोलब्रुक यांनी दायभाग आणि मिताक्षरेतलं वारसाहक्काचं प्रकरण, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर एका पुस्तकात आणलं. कंपनीच्या न्यायालयांतल्या इंग्रज न्यायाधीशांची या दोन ग्रंथांसाठी भिस्त याच पुस्तकावर होती. त्या भाषांतरात प्रोपिंक्विटी ज्या जागी येते, ती जागा मुद्दाम बघण्यासारखी आहे.

निपुत्रिक माणूस वारला, बायकोही नाही, मुलगी किंवा मुलीचा मुलगाही नाही. मागे आईबाप. धन आधी कुणाला? याज्ञवल्क्य नुसता ‘पितरौ’ म्हणून मोकळा होतो. संस्कृतात त्याचा अर्थ आई आणि बाप दोघं. आधी कोण ते कळत नाही. विज्ञानेश्वर सांगतो, आधी आई. एक कारण व्याकरणाचं: त्या समासाचा विग्रह करताना ‘माता च पिता च’ असा आईचा उल्लेख आधी येतो. दुसरं कारण जास्त मुद्द्याचं. बाप हा सवतीच्या मुलांचाही बाप असू शकतो, आई मात्र फक्त आपल्या मुलांची. म्हणून तिची ‘प्रत्यासत्ती’, म्हणजे निकटता, अधिक. कोलब्रुकनं या प्रत्यासत्तीला प्रोपिंक्विटी म्हटलं, आणि तिथून हा शब्द हिंदू कायद्याच्या इंग्रजीत कायमचा येऊन बसला. ‘मिताक्षरा प्रोपिंक्विटीवर चालते, दायभाग पारलौकिक लाभावर’ हे सूत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या घोकत आल्या.

1880 साली लल्लूभाई बापूभाई विरुद्ध काशीबाई या मुंबईकडच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, पश्चिम भारतासाठी हाच शरीरसंबंधाचा अर्थ उचलून धरला, आणि त्या आधारावर गोत्रजाच्या, म्हणजे एकाच गोत्रातल्या नातलगाच्या, विधवेलाही वारस मानलं.

आईबापांच्या क्रमाबाबत मुंबई इलाख्यात मात्र एकवाक्यता नव्हती. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’चं वजन मोठं. हा नीलकंठ सतराव्या शतकात काशीला होता, पण घराणं मूळचं पैठणचं. त्यानं आईच्या आधी बापाला बसवलं. म्हणजे एकाच इलाख्यात, घाटाच्या एका बाजूला आईची प्रत्यासत्ती जिंकत होती आणि खाली समुद्राकडे काही भागांत बापाची पाळी आधी येत होती.

आजच्या कायद्यात या तत्त्वाचं काही उरलं आहे का?

बरंच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं पिंडदानाचा निकष देशभर मोडीत काढला, म्हणजे त्या अर्थानं विज्ञानेश्वराचीच सरशी झाली. आणि मूळ वाद आठवत असेल तर हेही बघा: मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर आई वर्ग एकमधली, म्हणजे आधी घेणारी वारस आहे, बाप वर्ग दोनमध्ये, म्हणजे त्यानंतर.

दोन्ही वर्गांत कुणीच हयात नसेल तर मग फक्त पुरुषांमार्फत जोडलेल्या नातलगांकडे वळायचं, ज्यांना कायद्याच्या इंग्रजीत ॲग्नेट म्हणतात. तिथे जवळीक अक्षरशः पायऱ्यांनी मोजतात. समजा, मृताचा चुलतभाऊ आणि सख्ख्या भावाचा नातू (भावाच्या मुलाचा मुलगा) असे दोघंच उरले. मोजायला मृतापासून सुरुवात करायची आणि त्यालाच पहिली पायरी धरायची. चुलतभावाकडे जाताना: मृत, बाप, आजोबा, चुलता, चुलतभाऊ. पाच. भावाच्या नातवाकडे: मृत, बाप, भाऊ, पुतण्या, नातू. याही पाचच. बरोबरी झाली असं वाटतं, पण कायदा आधी फक्त वर चढायच्या पायऱ्या बघतो. पहिल्या वाटेनं आजोबांपर्यंत दोन चढाव्या लागतात, दुसरीत बापापर्यंत एकच. म्हणून भावाचा नातू घेतो आणि चुलतभाऊ हात हलवत परत जातो. वयानं, मायेनं किंवा सेवेनं कोण जवळ होतं, हे इथे विचारलं जात नाही. शेवटच्या आजारपणात रात्री जागवणारा चुलतभाऊ असला तरी. हे ज्यांना खटकतं त्यांनी मृत्युपत्र करावं. कायद्यानं ती सोय ठेवलेली आहे.

लग्नाच्या बाबतीत हीच जवळीक उलटी लागते: फार जवळचं नको. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नात्याची हद्द बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन, स्वतःला पहिली पिढी धरून. रूढी असेल तर अपवाद. मामाची मुलगी करण्याची महाराष्ट्रातल्या अनेक समाजांतली चाल या अपवादाच्या आधारानंच कायद्यात बसते.

मानसशास्त्रातला ‘प्रोपिंक्विटी इफेक्ट’ काय भानगड आहे?

माणसाची मैत्री कुणाशी होते? स्वभाव जुळतो त्याच्याशी, आवडीनिवडी मिळतात त्याच्याशी, असं आपण समजतो. 1950 साली लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ले शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी दाखवून दिलं की त्याआधी एक साधी गोष्ट बघावी: दार कुठे आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सैन्यातून परतलेले तरुण मोठ्या संख्येनं कॉलेजात दाखल झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं अशा लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट आणि वेस्टगेट वेस्ट अशा दोन वसाहती उभ्या केल्या. संशोधनाला ही जागा सोन्यासारखी होती. कारण कुणी कुठे राहायचं हे लोकांनी निवडलेलं नव्हतं; घर रिकामं होईल तसं पुढच्या नंबराला मिळे. वय, शिक्षण, परिस्थिती साधारण सारखी. बहुतेक जण येण्यापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हते.

वेस्टगेट वेस्टमध्ये दुमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर ओळीनं पाच घरं. शेजारशेजारच्या दारांत अंतर साधारण 19 फूट. संशोधकांनी बायकांना विचारलं, तुमचं जाणं-येणं कुणाशी? दाराला दार लागून असलेल्यांपैकी 41 टक्क्यांनी एकमेकींची नावं सांगितली. मध्ये एक घर सोडलं की प्रमाण 22 टक्क्यांवर आलं. मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे जेमतेम 88 फुटांवर, ते 10 टक्के उरलं. 88 फूट म्हणजे किती? हाक मारली तर ऐकू जावी एवढं.

पण नुसतं फुटांचं गणित असतं तर प्रॉक्झिमिटी म्हणून भागलं असतं. खरी मेख जिन्यात निघाली. वरच्या मजल्यावरचे लोक खाली उतरताना तळमजल्यावरच्या ज्या दारांवरून जात, त्या घरांच्या ओळखी वरच्या मजल्यावर जास्त होत्या. टपालपेट्या जिथे लावल्या होत्या, तिथल्या घराचंही तेच. दुसऱ्या वसाहतीत लहान घरं अंगणाभोवती मांडलेली होती आणि काही कडेच्या घरांची दारं अंगणाऐवजी रस्त्याकडे उघडत. त्या घरांतल्या लोकांचे मित्र इतरांच्या निम्म्याहूनही कमी. वास्तुविशारदानं रस्त्यावरून वसाहत बरी दिसावी म्हणून दार फिरवलं असणार. ते करताना एका कुटुंबाचं मित्रमंडळ आपण ठरवतो आहोत, हे त्याच्या गावीही नसेल. संशोधकांनी यासाठी कामापुरतं अंतर आणि फुटांतलं अंतर असा भेद केला. येता-जाता दिवसातून किती वेळा आमनेसामने येता, ते पहिलं.

मुंबईच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना यासाठी मानसशास्त्र शिकायला नको. नळाशेजारची खोली आणि गॅलरीच्या टोकाची खोली यांच्या ओळखीपाळखीतला फरक ते तोंडपाठ सांगतील.

हे फक्त घरांपुरतंच आहे का?

नाही. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅडी सेगल यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना विचारलं, इथले तुमचे मित्र कोण? अकादमीत खोल्या आणि बाकं आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वाटलेली होती. उत्तरंही तशीच आली: मित्रांची आडनावं वर्णमालेत एकमेकांना खेटून. धर्म, वय, छंद यांच्यापेक्षा आद्याक्षर वरचढ ठरलं. हजेरीपटावर आपल्या मागचा-पुढचा रोल नंबर कुणाचा होता, तो आठवून बघा.

कारण काय, याचं एक उत्तर रॉबर्ट झायन्स यांच्या 1968 च्या कामात आहे. एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती बरी वाटू लागते. तिच्यात काही गुण असायला पाहिजेत असं नाही.

कामाच्या ठिकाणचं चित्र थॉमस ॲलन यांनी 1977 मध्ये मांडलं. इंजिनिअर लोक एकमेकांशी कामाचं किती बोलतात हे त्यांनी टेबलांमधल्या अंतरासमोर ठेवलं. अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्यानं घसरतं आणि साधारण 50 मीटरच्या पुढे ते नावापुरतं राहतं.

म्हणजे शेजारी राहिलं की मैत्री होतेच?

होते किंवा वैर होतं. हा भाग लोक सोयीनं विसरतात.

1976 साली एब्सन, क्योस आणि कोनेच्नी यांनी कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात मित्रांबरोबर नावडत्या माणसांचीही चौकशी केली. मित्र जवळपासचे निघाले, अपेक्षेप्रमाणे. पण नावडती माणसं तर आणखीच जवळची निघाली. सरळ आहे, लांबच्या माणसाचा कुत्रा तुमच्या दारात येत नाही आणि त्याच्या घरातला गोंगाट तुमच्या भिंतीतून येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला एकदा जरी हजेरी लावली असेल तर हा निष्कर्ष पटायला वेळ लागणार नाही. गळती नेहमी वरच्यांकडूनच होते आणि पार्किंगचा तंटा नेहमी शेजारच्या जागेवरूनच.

तेव्हा जवळीक ही संधी आहे. चांगल्याची आणि वाइटाचीही.

लग्नाशी याचा काही संबंध?

जेम्स बोसार्ड यांनी 1931 साली फिलाडेल्फिया शहरातले 5000 विवाहपरवाने घेतले आणि वधूवरांचे लग्नाआधीचे पत्ते ताडून पाहिले. एक तृतीयांशाहून जास्त जोडपी एकमेकांपासून पाच चौकांच्या आत राहत होती. अंतर वाढत गेलं तसं लग्नांचं प्रमाण उतरत गेलं. हा अभ्यास 1932 साली छापून आला आणि त्याच्या शीर्षकातच ‘रेसिडेन्शियल प्रोपिंक्विटी’ होती.

यात एक पाचर आहे. अमेरिकी शहरांतल्या वस्त्या तेव्हा वंश, धर्म आणि उत्पन्न यांप्रमाणे वाटलेल्या होत्या. मग ही लग्नं जवळ राहिल्यामुळे झाली, की सारखी माणसं आधीच एका मोहल्ल्यात लोटलेली होती म्हणून? दोन्ही. आणि स्थळं जिथे नातेवाईक सांगून आणतात तिथे हा आकडा जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. तिथे काम करते ती दुसरी प्रोपिंक्विटी, नात्यागोत्याची.

‘नथिंग प्रोपिंक्स लाइक प्रोपिंक्विटी’ हे काय प्रकरण आहे?

शब्दाची थट्टा. ‘प्रोपिंक’ असं क्रियापद इंग्रजीत नाही. गंमत म्हणून पाडलेलं आहे. इयन फ्लेमिंगच्या 1956 च्या जेम्स बाँड कादंबरीत, ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये, एका प्रकरणाचं हे शीर्षक आहे. पुढे केनेडी-जॉन्सन काळातले अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज बॉल यांच्या नावावर हे वाक्य राजकारणात फिरू लागलं. अर्थ असा की हुद्दा काय वाटेल तो असो, राष्ट्राध्यक्षांच्या दालनाला ज्याची खोली लागून, सत्ता त्याची. आपल्याकडे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याबद्दल लोक जे बोलतात ते यापेक्षा वेगळं नाही.

शब्दाला हसू चिकटलं ते मात्र त्याआधी, विनोदी कादंबरीकार वुडहाउसच्या हातून. 1934 च्या ‘राइट हो, जीव्ज’मध्ये बर्टी वूस्टरला आपल्या लाजाळू मित्राचं जमवून द्यायचं असतं. दोघांना एका आडबाजूच्या घरात रोज एकमेकांसमोर ठेवलं की काम फत्ते, असा त्याचा बेत. याला काय म्हणतात तो शब्द काही त्याला आठवत नाही. त्याचा नोकर जीव्ज अदबीनं पुरवतो: प्रोपिंक्विटी. बर्टी सगळी भिस्त तिच्यावर टाकतो. पुढे जो गोंधळ होतो तो वाचायचा असतो, सांगायचा नसतो.

मराठीत याला काय म्हणावं?

एकच शब्द पुरणार नाही आणि पुरवण्याचा हट्टही धरू नये.

कायद्याच्या मजकुरात ‘रक्तसंबंधाची निकटता’ किंवा सरळ ‘जवळचं नातं’. जुन्या धर्मशास्त्रावर लिहीत असाल तर ‘प्रत्यासत्ती’ लिहायला कचरू नका. तिथे तोच मूळ शब्द आहे, इंग्रजी हे त्याचं भाषांतर. मानसशास्त्रात ‘सान्निध्य’ चांगलं बसतं, कारण त्यात सतत सोबत असण्याचा अर्थ आहे. ‘सान्निध्याचा परिणाम’ असं म्हणता येतं. ‘जवळीक’ वापरताना जपून. मराठीत जवळीक साधली जाते, वाढवली जाते, म्हणजे त्यात माणसाची इच्छा आली. प्रोपिंक्विटीत ती नसते. ‘सामीप्य’ बरोबर आहे पण पुस्तकी, आणि त्याच्या मागे सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्तींचा सूर आहे. देवाजवळ बसण्याचा शब्द सोसायटीच्या जिन्याला लावणं मला तरी जड जातं.

हा सगळा परिणाम एका ओळीत हवा असेल तर आपल्याकडे म्हण तयार आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. पवळ्यालाही दावणीची जागा कुणी विचारली नव्हती.

मी हा शब्द माझ्या इंग्रजीत वापरू का?

कायद्याचं किंवा समाजशास्त्राचं लिहीत असाल तर बेलाशक वापरा. तिथे ती परिभाषा आहे. ललित लेखनात एखाद्या ठिकाणी, थोड्या मिस्कील सुरात, शोभतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘स्टेशनच्या प्रोपिंक्विटीमुळे ही जागा घ्यावी’ असं लिहिलंत तर वाचणारा अर्थ शोधायला जाईल आणि जागा राहून जाईल. तिथे ‘नियर द स्टेशन’ लिहा. परीक्षेच्या निबंधात भारदस्त दिसावं म्हणून कोंबू नये, परीक्षकाला ते लगेच कळतं.

व्याकरणाचं थोडं: त्याच्यापुढे ‘टू’ किंवा ‘ऑफ’ येतं, ‘विथ’ नाही. अनेकवचन जवळजवळ कधीच लागत नाही. ‘प्रोपिंक्वस’ हे विशेषण आणि ‘ॲप्रोपिंक्वेट’ म्हणजे जवळ येणे हे क्रियापद कोशात आहेत, पण ती वापरणारा माणूस बहुधा शब्दकोडं तरी रचत असतो किंवा पैज तरी लावून बसलेला असतो.